दुधाच्या पिशवीचा कोपरा

आमच्या घरी दिवसाचा आरंभ देवाच्या नावाने होतो की चहाच्या, याविषयी आमचे व आमच्या मंडळींचे आजवर एकमत झालेले नाही. परंतु या दोहोंच्याही आधी एक विधी घडतो, याविषयी मात्र दुमत नाही. दुधाची पिशवी पातेल्यावर धरावयाची आणि कात्रीने तिचा एक कोपरा कापावयाचा, हाच तो विधी. संसारात पुरुषानेही काही तरी हातभार लावावा या आग्रहापुढे मान तुकवून आम्ही जे एकमेव गृहकृत्य पत्करले, ते हे. गेली तीस वर्षे आम्ही ते इमानेइतबारे बजावीत आहोत. दूध पातेल्यात पडते, रिकामी पिशवी धुऊन रद्दीवाल्यासाठी खुंटीला लावली जाते, आणि कोपरा? त्या कोपऱ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न तीस वर्षांत आम्हांला एकदाही पडला नाही. नखाएवढा तो तुकडा ओट्यावर पडे, पाण्याबरोबर मोरीत जाई, किंवा केराबरोबर बाहेर. ज्या वस्तूला नाव नाही तिची चौकशी कोण करतो?

ही चौकशी आमच्यावर आली ती आमच्या कन्येमुळे. एका रविवारी पहाटे तिने आम्हांला अंथरुणातून उठविले आणि वेसाव्याच्या किनाऱ्यावर नेले. अंधेरीत राहणाऱ्या माणसाला समुद्र हा पाहुण्यांना दाखविण्यापुरताच असतो. त्यामुळे आम्ही तेथे कित्येक महिन्यांनी जात होतो. किनारा साफ करण्यासाठी पाच-पन्नास तरुण जमले होते. त्यांत आमचे दोन विद्यार्थीही निघाले, आणि वर्गात आमच्यापासून शक्य तितक्या दूर बसणारी ती मुले येथे मोठ्या अगत्याने पुढे आली. "सर, तुम्ही वाकू नका, बारीक बारीक तेवढे वेचा," असे म्हणून त्यांनी आमच्या हाती रबरी हातमोजे दिले. वाकल्यावाचून बारीक वस्तू कशी वेचावी, हे काही त्यांनी सांगितले नाही. असो.

आम्ही वाळूत बसलो आणि वेचू लागलो. बाटल्यांची बुचे होती, कान कोरण्याच्या काड्या होत्या, शाम्पूच्या पुड्या होत्या, जाळ्यांचे तुटके दोर होते. त्यांतच एक त्रिकोणी तुकडा हाती आला. एक बाजू कात्रीने कापलेली, दुसऱ्या दोन चिकटविलेल्या. आम्ही तो लागलीच ओळखला. स्वतःचे हस्ताक्षर दुसऱ्याच्या दप्तरात सापडावे, तसे आम्हांला झाले. पुढे आणखी एक, मग आणखी एक. चाळीसपर्यंत आम्ही मोजले आणि मग मोजणे सोडून दिले.

त्या रात्री आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गणिताशी आमचे सख्य नाही, तथापि हा हिशेब फार कठीण नव्हता. रोज एकच पिशवी धरली तरी वर्षाचे 365 कोपरे. तीस वर्षांचे 10,950. श्रीखंडाचे, खिरीचे आणि पाहुण्यारावळ्यांचे दिवस यात धरलेले नाहीत. म्हणजे आमच्या एका सुसंस्कृत, सुशिक्षित, पर्यावरणावर व्याख्याने ऐकणाऱ्या कुटुंबाने सुमारे अकरा हजार तुकडे या जगात सोडले आणि त्यांपैकी एकाचाही ठावठिकाणा ठेवला नाही. ज्या जातीच्या प्लास्टिकची ही पिशवी असते ते पाण्याहून हलके असते, त्यामुळे ते तरंगते. ते कुजत नाही. उन्हाने ठिसूळ होते, लाटांनी तुटते आणि लहान लहान होत जाते. पाच मिलिमीटरांपेक्षा लहान झाले की शास्त्रज्ञ त्याला सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. लहान होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे, ही गोष्ट आमच्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या माणसाला खरे तर आधीच कळावयास हवी होती.

आमच्या बालपणी दूध बाटलीतून येत असे. गोरेगावच्या आरे वसाहतीचा आरंभ 1949 साली झाला, आणि मुंबईच्या दोन पिढ्या त्या काचेच्या बाटल्यांवर वाढल्या. बाटलीला वर्खासारख्या पातळ पत्र्याचे झाकण असे. रिकामी बाटली धुऊन केंद्रावर परत नेण्याचे काम मुलांकडे असे, आणि ती वाटेत फुटली तर घरी होणारे स्वागत आम्हांला अजून आठवते. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. बाटली जड होती, फुटत होती, आणि पहाटेची रांग कोणालाही सुखाची नव्हती. परंतु एक गोष्ट खरी की बाटली परत जात असे. वस्तू हातात येताना तिच्या परतीचा मार्ग ठरलेला होता. पिशवीने आमची रांग वाचविली, आणि परतीचा मार्ग पुसून टाकला.

अर्थात परतीचा मार्ग निसर्गाने ठेवलेला आहेच, फक्त तो आमच्या दारावरून जात नाही. त्याच आरेच्या टेकड्यांत ओशिवरा नदी उगम पावते. तिला आज नदी म्हणणारा मनुष्य भाविकच असला पाहिजे. गोरेगाव-जोगेश्वरीच्या वस्त्यांतून, कारखान्यांच्या कुंपणांमागून आणि उंच इमारतींच्या पायथ्यावरून ती मालाडच्या खाडीला मिळते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून निघालेली पोईसर नदी कांदिवलीवरून खाली येते. दहिसर नदी बोरिवली-दहिसरचे सर्व काही घेऊन उत्तरेकडच्या खाडीत शिरते. मोरीचे पाणी गटारात, गटाराचे खाडीत. रस्त्यावरचा केर पावसाच्या पहिल्या सरीबरोबर नाल्यात, नाल्याचा खाडीत. मालाडच्या खाडीचे मुख वेसावे आणि मढ यांच्यामध्ये आहे. मुखाशी पोचण्यापूर्वी पुष्कळसा ऐवज काठच्या खारफुटीत अडकतो. तिवराची झाडे चिखलातून बोटांसारखी मुळे वर काढून श्वास घेतात, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. त्या बोटांवर पिशव्यांची पुटे चढलेली पाहिली, म्हणजे उशी तोंडावर दाबलेल्या माणसाची आठवण होते. आणि याच मुळांच्या आडोशाने कोळंबीची व कित्येक माशांची पिल्ले वाढत असतात.

याच वेसाव्याला 22 मार्च 2018 रोजी एक अपूर्व घटना घडली. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची किमान ऐंशी पिल्ले वाळूतून समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. येथे असे दृश्य सुमारे वीस वर्षांत कोणी पाहिले नव्हते. वेसाव्याचे वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर 2015 मध्ये, चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका शेजाऱ्यासह, या किनाऱ्यावरचा कचरा उचलण्यास आरंभ केला होता. पुढे शेकडो माणसे त्यांना मिळाली, लक्षावधी किलो कचरा हलला, आणि 2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने शाह यांचा गौरव केला. परंतु आमच्या मते खरा गौरव त्या ऐंशी पिल्लांनी केला. त्यांना मानपत्र लिहिता येत नव्हते, म्हणून ती चालत गेली. दुसऱ्याच दिवशी, 23 मार्च 2018 रोजी, महाराष्ट्र शासनाची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. या दोन दिवसांचा परस्परांशी काही संबंध नसावा, तथापि पंचांग पाहणाऱ्याने याला सुमुहूर्त म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. त्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला सवलत होती. ती ग्राहकाकडून परत विकत घ्यावी, अशी अट घालून. आमच्या घरची एकही पिशवी त्या रीतीने परत गेल्याचे आम्हांला स्मरत नाही. कोपऱ्याचा उल्लेख तर कोणत्याच अधिसूचनेत असणे शक्य नव्हते.

कासवाची मादी वाळूत खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालते, खड्डा बुजविते आणि निघून जाते. सात-आठ आठवड्यांनी पिल्ले आपल्या आपण वर येतात. पिल्लू नर व्हावे की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू तापली तर माद्या अधिक. रात्री बाहेर पडलेली पिल्ले ज्या दिशेला उजेड अधिक त्या दिशेला धावतात, कारण कोट्यवधी वर्षे तो उजेड समुद्रावरच्या आभाळाचा होता. आमच्या उपनगरात तो उपाहारगृहांचा असतो. एवढ्यातून तरलेले पिल्लू समुद्रात गेले की त्याच्यापुढे आमच्या पिशव्या उभ्या राहतात. पाण्यात फुगून डुलणारी पिशवी जेलीमाशासारखी दिसते आणि जेलीमासा हे कासवाचे आवडते अन्न. शिवाय काही काळ समुद्रात भिजलेल्या प्लास्टिकवर सूक्ष्म जीवांचा थर चढतो आणि त्याला अन्नासारखा वास येऊ लागतो. म्हणजे कासवाचे डोळे आणि नाक, दोन्ही फसतात. सर्वांत वाईट गोष्ट पुढेच आहे. समुद्री कासवाच्या घशात आतल्या बाजूला पोटाकडे वळलेले काटे असतात. बुळबुळीत भक्ष्य निसटू नये म्हणून निसर्गाने केलेली ती तजवीज. तिच्यामुळे एकदा गिळलेली वस्तू सहजी परत फिरत नाही. पोट भरते, पण पोषण होत नाही. आतड्यात वायू धरला तर कासव नुसते तरंगत राहते आणि बुडी मारता न आल्याने उपाशी मरते. ज्या घशाने त्याला कोट्यवधी वर्षे जगविले, तोच घसा आता त्याला सोडीत नाही.

हे सर्व वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा वेसाव्यास गेलो. कोळीवाड्यातून आमच्याकडे वर्षानुवर्षे मासळी घेऊन येणाऱ्या मावशी बोंबील वाळत घालीत होत्या. बांबूंच्या मांडवावर जोडीजोडीने टांगलेले बोंबील वाऱ्यावर हलत होते, आणि शेजारीच त्यांच्या मुलाने डोल जाळ्यातून निघालेला ऐवज ओतला होता. मासळीचा एक ढीग, पिशव्यांचा एक; कोणता मोठा, हे सांगावयास नको. आम्ही सहानुभूतीचे दोन शब्द बोललो. मावशी हसल्या. "मास्तर, समिंदर कुनाचं काय ठेवत नाय. ज्याचं त्याला परत देतो." प्राध्यापकाने ऐकून घ्यावे असे वाक्य होते ते, आणि आम्ही ते ऐकून घेतले. परंतु घरी येताना मनात आले की मावशींचे म्हणणे अर्धेच खरे आहे. समुद्र परत देतो तो थोडाच भाग. पावसाळ्यात भरतीच्या लाटा जुहू आणि वेसाव्याच्या वाळूवर जो ढिगारा आणून टाकतात, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात आणि आम्ही त्यावर हळहळतो. जे परत येत नाही त्याचे छायाचित्र कोणी घेत नाही. तरंगणाऱ्या तुकड्यावर शेवाळ आणि शिंपले चढले की तो जड होऊन तळाशी जातो. काही कालवांत, माशांत, कासवांत जाते. समुद्र ठेवतो, पुष्कळ ठेवतो. फक्त तो आपल्या नातेवाइकांसारखा बोलून दाखवीत नाही.

येथे एक आक्षेप आमचे एक स्थापत्यशास्त्रज्ञ स्नेही घेतात, आणि तो खोटा नाही. ते म्हणतात, "अहो, तुम्ही कोपरे काय मोजता? मुंबईचे सांडपाणी मोजा." जानेवारी 2023 मध्ये मालाड, वेसावे, भांडुप, घाटकोपर यांसह सात ठिकाणच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली, सातांची मिळून क्षमता दिवसाला सुमारे 2,460 दशलक्ष लिटर. एवढी मोठी योजना आखावी लागते, यावरूनच शहर रोज काय आणि किती बाहेर टाकते याचा अंदाज येतो. नीट शुद्ध न केलेले सांडपाणी खाडीत गेले की त्यातील घाण खाणारे जंतू वाढतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू तेच खाऊन टाकतात. माशाला श्वासापुरताही उरत नाही. जो मासा पळू शकतो तो दूर जातो, आणि त्याच्यामागे कोळ्याची होडी व डिझेलचा खर्च दूर जातो. चिखलातली कालवे आणि शिंपल्या कोठे जाणार? या घाणीपुढे आमचा कोपरा म्हणजे समुद्रात सुई, हे आम्ही मान्य करतो.

शिवाय निसर्गाचा न्याय नेहमी आमच्या नीतिकथांप्रमाणे चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. मुलुंड-भांडुपच्या बाजूला ठाण्याची खाडी आहे. तिचेही पाणी काही निर्मळ नाही. तथापि तेथे दर हिवाळ्यात सहस्रावधी रोहित पक्षी येतात, आणि त्यांच्यासाठी 2015 साली तेथे अभयारण्य झाले. 2022 साली ती पाणथळ जागा रामसर यादीतही गेली. सांडपाण्यातील द्रव्यांवर पोसलेले शेवाळ हे या गर्दीचे एक कारण असावे, असा काही अभ्यासकांचा कयास आहे. आमच्या घाणीवर असे गुलाबी वैभव उभे राहिलेले पाहून कोणाला समाधान वाटेल. आम्हांला वाटत नाही. उष्ट्यावर पोसलेला पाहुणा पंगतीची शोभा वाढवितो, पण त्यावरून यजमानाच्या घरी सुबत्ता आहे असे ठरत नाही. ज्या पाण्यात एकाची चंगळ होते, त्याच पाण्यात दुसऱ्या शंभरांचा श्वास कोंडतो.

तरीही आम्ही कोपऱ्यापाशीच परत येतो. स्नेह्यांचा आक्षेप आम्ही मान्य करतो, पण त्यातील एक सोय आम्हांला खटकते. आमच्या इमारतीच्या सभेत हा विषय आम्ही काढला, तेव्हा सर्वांनी झोपड्यांकडे बोट दाखविले. झोपडीत राहणाऱ्या आमच्या मोलकरणीला विचारले, तर तिने उंच इमारतींकडे दाखविले. इमारतीतील लोक पालिकेकडे दाखवितात, पालिकेची माणसे नागरिकांकडे, नागरिक कारखान्यांकडे आणि कारखानदार ग्राहकांकडे. हे बोट असे गोल फिरत असता शेवटी समुद्राकडे वळते, आणि समुद्राला बोट नाही. सांडपाण्याचे केंद्र आम्हांला बांधता येत नाही. त्यासाठी कर द्यावा, मत द्यावे, वेळोवेळी पत्र लिहावे, आणि ती कर्तव्ये आहेतच. परंतु मोठ्या दोषाचा आधार घेऊन लहान दोष लपविणे ही सुशिक्षितांची जुनी युक्ती आहे. ती आम्ही विद्यार्थ्यांच्या निबंधांत पकडतो. स्वतःच्या मोरीत मात्र ती आम्हांला दिसली नव्हती.

आमच्या संतांना कासवीचा दृष्टांत फार प्रिय. कासवी पिल्लांना दूध पाजीत नाही, पंखांखाली घेत नाही. ती दूरून नुसती पाहते आणि त्या दृष्टीनेच पिल्ले पोसतात, अशी जुनी समजूत. देव भक्ताकडे तसा पाहतो, असे त्यांनी सांगितले. लहानपणी आजीच्या मांडीवर हे ऐकताना आम्हांला त्या कासवीचा हेवा वाटे. आता शास्त्र सांगते की समुद्रातली कासवी अंडी पुरून जाते ती आपली पिल्ले कधी पाहतच नाही. जानेवारी 2022 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात वेळास येथे 'प्रथमा' नावाच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारे यंत्र बसविले, ते ती कोठे जाते हे कळावे म्हणून. जेथे अंडी घातली तो किनारा मागे टाकून ती समुद्रात निघून गेली. तिच्या पिल्लांवर नजर ठेवणारे कोणी असलेच, तर ते त्या गावचे लोक होते. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासच्या ग्रामस्थांबरोबर अंडी राखण्याचे काम चालविले, आणि ज्या किनाऱ्यावर पूर्वी अंडी चोरीस जात तेथे लोक पिल्ले समुद्रात जाताना पाहावयास येऊ लागले. जाळ्यात सापडलेले कासव वाचविण्यासाठी कोळ्याने आपले जाळे कापले, तर त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात डिसेंबर 2018 मध्ये आली. म्हणजे संतांचा दृष्टांत खोटा ठरला असे आम्हांला वाटत नाही. फक्त त्यातली दृष्टी कोणाची, हे बदलले. कासवी पाहत नाही, तेव्हा कोणी तरी पाहावयास हवे.

परवा सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे कात्री घेतली. या वेळी कोपरा पुरता न कापता अर्धीच चीर दिली. कोपरा पिशवीला लोंबत राहिला. दुधाची धार वाकडी गेली, ओट्यावर सांडली, आणि एक पळीभर दूध चुलीच्या पायाशी गेले. आमच्या मंडळींनी फडके पुढे केले आणि म्हटले, "अहो, तीस वर्षांत एक काम धड येत होते, तेही आता विसरलात?" आम्ही काही बोललो नाही. ओटा पुसला, पिशवी कोपऱ्यासकट धुतली, खुंटीला लावली. 10,950 पैकी एकही कोपरा यामुळे परत येणार नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. ते जेथे असतील तेथे आहेत. काही वाळूत, काही तळाशी, काही कोणाच्या घशात. परंतु त्या दिवसाचा कोपरा खुंटीवर होता, आणि संध्याकाळी महाविद्यालयातून परत आल्यावर आम्ही तो पुन्हा एकदा पाहून घेतला.